दोघांचेही ११३ गुण, मग सरस कोण?

एनएचएल ही आइस हॉकीची जगातली सर्वांत तगडी लीग. तिच्या २०२२-२३च्या हंगामात दोन विंगर (कडेने खेळणारे आक्रमक) ८२ पैकी ८२ सामने खेळले आणि दोघांनीही ११३ गुण मिळवले. गोलचा एक गुण, गोलाआधी पास देणाऱ्यालाही एक (याला असिस्ट म्हणतात), असा तिथला हिशेब. टॅम्पा बे लाइटनिंगच्या निकिता कुचेरॉव्हचे ३० गोल आणि ८३ असिस्ट होते, तर बॉस्टन ब्रुइन्सच्या डेव्हिड पास्त्रनाकचे ६१ गोल आणि ५२ असिस्ट. बेरीज तीच, पण एकाचे गोल दुसऱ्याच्या दुप्पट.

मुंबईत हे सामने बघणारे थोडेच. तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला खेळ सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. शिवाय हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चर्चगेटचं स्टेडियम आणि आगाखान चषक येतो, बर्फ नव्हे. तरीही ‘आज भारी कोण आणि पाच वर्षांनी कोण’ हा वाद शास्त्रशुद्ध घालायचा तर आइस हॉकी फार सोयीची. प्रत्येक फटका कुठून मारला, कोणत्या कोनातून मारला, पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) कुठे गेला, याची तिथे नोंद होते.

काठीचा एक फरक आधी सांगायला हवा. मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू सपाट असते आणि डावखुऱ्यांसाठी उलटी काठी नियमात बसत नाही. आइस हॉकीत ज्याला जी झेपेल ती. कुचेरॉव्ह डाव्या काठीचा असून उजव्या विंगवर खेळतो, म्हणजे पक त्याच्याकडे आला की काठी आपोआप रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) मध्याकडे वळलेली असते. समोरचा अर्धा रिंक दिसतो, पासही देता येतो आणि फटकाही मारता येतो. पास्त्रनाकची काठी उजवी. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा भोगायला बाहेर बसला की जो पॉवर प्ले मिळतो, त्यात तो बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळापाशी जाऊन उभा राहतो आणि आलेला पास न अडवता तसाच गोलकडे ठोकतो.

आता आकड्यांकडे. २०२२-२३ ते २०२४-२५ हे तीन हंगाम एकत्र घेतले, तर कुचेरॉव्हचे २४१ सामन्यांत ३७८ गुण आहेत, पास्त्रनाकचे २४६ सामन्यांत ३२९. सामन्यामागे अनुक्रमे १.५७ आणि १.३४. २०२३-२४मध्ये कुचेरॉव्हने ४४ गोल आणि १०० असिस्ट केले. एका हंगामात असिस्टचं शतक गाठणारा तो एनएचएलमधला पहिला विंगर. त्याआधी हा पल्ला गाठणारे सगळे सेंटर (मधले आक्रमक) किंवा बचावपटू होते.

पास्त्रनाकचे गोल मात्र ६१वरून ४७ आणि मग ४३ झाले. लगेच ‘उतरणीला लागला’ म्हणायचा मोह होतो. इथे जरा थांबून गणित करू. ६१ गोलांच्या वर्षी त्याने गोलवर ४०७ फटके मारले होते, म्हणजे १५ टक्के आत गेले. पुढच्या वर्षी ३८२ फटके, त्यातले १२.३ टक्के आत. समजा, त्याचं खरं कौशल्य १४ टक्क्यांचं आहे आणि तो वर्षाला ४०० फटके मारतो. मग सरासरी ५६ गोल व्हायला हवेत. पण प्रत्येक फटका म्हणजे एक सोडतच: गोलरक्षकाचा पाय मध्ये आला, खांबाला लागून पक बाहेर गेला. संख्याशास्त्रातल्या साध्या सूत्राने या सोडतीचं प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून सहसा किती इकडेतिकडे होतो, त्याचं माप) काढलं, तर ते सातच्या आसपास येतं. म्हणजे कौशल्य तसूभरही न बदलता एखाद्या वर्षी ६३ गोल होतील आणि एखाद्या वर्षी ४९. दोन वर्षांतला १४ गोलांचा फरक बराचसा एवढ्यानेच समजावता येतो.

विलक्षण वर्षानंतरचं वर्ष बहुधा सरासरीकडे झुकतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं. क्रीडा पानांवर मात्र अजूनही प्रत्येक वेळी त्याचं कारण खेळाडूच्या ‘फॉर्म’मध्ये शोधलं जातं, याचं नवल वाटतं. उतार ओळखायचा असेल तर गोलांपेक्षा फटक्यांची संख्या पाहावी. तिच्यात नशिबाचा वाटा कमी असतो.

असिस्टचीही एक खोड आहे. एनएचएलमध्ये एका गोलाला दोन असिस्टपर्यंत मिळतात. शेवटचा पास देणाऱ्याचं श्रेय उघड आहे, पण त्याच्या आधीच्या पासाचं श्रेय पुष्कळदा योगायोगाचं असतं. म्हणून विश्लेषक दोन्ही वेगळे मोजतात.

त्याहून अवघड प्रश्न सोबत्यांचा. कांगा लीगमध्ये पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा आणि वानखेडेवर उन्हात काढलेल्या चाळीस धावा कुणी मुंबईकर एकाच तराजूत तोलणार नाही. २०२२-२३मध्ये बॉस्टनने ६५ सामने जिंकून लीगचा विक्रम केला. त्यानंतर पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेयची हे दोन्ही अनुभवी सेंटर निवृत्त झाले, मार्च २०२५मध्ये ब्रॅड मार्शंडही फ्लोरिडाला गेला. त्या हंगामात बॉस्टन प्लेऑफमध्येसुद्धा (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) पोचलं नाही. पास्त्रनाकचे मात्र १०६ गुण होते आणि संघातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे ५७. उलट टॅम्पामध्ये कुचेरॉव्हच्या पासांना ब्रेडन पॉइंट आणि जेक गेंट्झेल होते, एकाचे ४२ गोल, दुसऱ्याचे ४१. पण त्या दोघांचे इतके गोल कुचेरॉव्हमुळेच झाले नसतील कशावरून? हा गुंता पूर्ण सुटत नाही. एखादा खेळाडू बर्फावर असताना आणि नसताना संघाचं काय होतं, हे ताडून अंदाज तेवढा करता येतो.

या सगळ्याची वजाबाकी करूनही आजच्या घडीला मी कुचेरॉव्हला वर ठेवीन. तीन हंगामांच्या सरासरीत सामन्यामागे जवळपास पाव गुणाचा फरक पडला, तर तो नुसत्या सोबत्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

पुढचं काय? कुचेरॉव्ह जून १९९३चा, पास्त्रनाक मे १९९६चा. जेम्स ब्रँडर, एडवर्ड इगन आणि लुइझा युंग यांनी २०१४ साली एनएचएल खेळाडूंच्या वयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते फॉरवर्डांचं (आक्रमकांचं) शिखर २७ ते २८ या वयात येतं, पण २४ ते ३२ या काळात ते शिखराच्या आसपासच असतात. म्हणजे कुचेरॉव्ह पठाराच्या कडेवर पोचला आहे आणि पास्त्रनाकला अजून थोडा सपाट रस्ता आहे.

वयानुसार कामगिरीचे असे वक्र काढताना एक फसगत होते. लीगमधल्या छत्तीस वर्षांच्या खेळाडूंची सरासरी काढली तर ती छानच दिसते, कारण जे घसरले ते घरी गेलेले असतात. अलेक्झांडर ओवेचकिनने ३९व्या वर्षी, ६ एप्रिल २०२५ला ८९५वा गोल करून वेन ग्रेट्झकीचा विक्रम मोडला. असा एक ओवेचकिन दिसतो, गळालेले दिसत नाहीत. म्हणून संशोधक त्याच खेळाडूची यंदाची कामगिरी त्याच्या गेल्या वर्षीच्या कामगिरीशी ताडून पाहतात.

शरीरात आधी काय ढळतं? आइस हॉकीतला खेळाडू एका वेळी साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो. या झटक्याला स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट आणि ऑक्सिजनविना जळणारं ग्लुकोज इंधन पुरवतं, काम करतात ते वेगवान तंतू. वयाबरोबर आधी हा स्फोटक वेग कमी होतो. त्यात स्केटिंगच्या प्रत्येक ढकलीत पाय बाहेर फेकला जातो आणि खुब्याचा सांधा झिजतो. कुचेरॉव्ह आणि पास्त्रनाक या दोघांच्याही खुब्यावर २०२०मध्ये शस्त्रक्रिया झाली आहे. कुचेरॉव्ह त्यानंतरचा अख्खा साखळी हंगाम मुकला, थेट प्लेऑफमध्ये उतरला आणि २३ सामन्यांत ३२ गुण मिळवून टॅम्पाला लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले कप जिंकून देणाऱ्यांत राहिला.

नजर मात्र उशिरा म्हातारी होते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. डावातली खरी मांडणी पाच सेकंद दाखवली तर उस्ताद नवशिक्यांपेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर जागी मांडत, सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या की त्यांची आघाडी जवळपास संपे. त्यांच्या स्मरणात सोंगट्या नव्हत्या, आकृतिबंध होते. कुचेरॉव्हचा खेळ याच जातीचा आहे. वेग त्याचं मुख्य हत्यार कधीच नव्हता, त्यामुळे तो सरासरी वक्रापेक्षा हळू उतरेल असं मला वाटतं.

पण म्हणून पास देणारे टिकतात आणि गोल करणारे संपतात, असं सूत्र मांडता येणार नाही. ओवेचकिन गोल करणाराच, आणि तोही डाव्या वर्तुळापाशी उभा राहून आलेला पास थेट ठोकतो, अगदी पास्त्रनाकसारखा. त्या जागेला पळावं कमी लागतं.

कुचेरॉव्हचा वर्षाला ९५ लाख डॉलरचा करार २०२६-२७पर्यंत आहे. पास्त्रनाकचा १ कोटी साडेबारा लाखांचा करार २०३०-३१पर्यंत चालेल, तेव्हा तो ३५चा असेल. पाच वर्षांनंतर सरस कोण, यावर पैज लावायची तर मी पास्त्रनाकवर लावीन, पण आजच्या उत्तराइतक्या खात्रीने नाही. तीन वर्षांची आघाडी एका वाईट खुब्यात संपू शकते. ६१ गोलांच्या वर्षी तो सामन्यामागे जवळजवळ पाच फटके मारत होता. गोल ३५ झाले तरी चालतील, पण फटके साडेतीनवर आले तर मी पैज मागे घेईन.