सिंधूकाठची पायी फेरी : लेहला निघण्याआधी एवढं वाचा

सहलीच्या वेळापत्रकात 'तिसरा दिवस, सकाळी सिंधूकाठी पायी फेरी' असं दिसलं की हमखास विचारणा होते, "विमान तर सकाळीच उतरतंय, मग पहिल्याच दिवशी का नाही?" हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलंय.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. तिथल्या एका श्वासात इथल्यापेक्षा जवळपास तीस टक्के प्राणवायू कमी मिळतो. दिल्लीहून विमान सव्वा तासात पोचतं, अंग जुळवून घ्यायला मात्र दोन दिवस घेतं. म्हणून पहिले ४८ तास आराम, भरपूर पाणी आणि हलकं जेवण. तालमीत घाम गाळणाऱ्यांना यातून सूट नाही. मागे एक पैलवान गडी उतरल्या उतरल्या शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आला आणि रात्रभर डोकं धरून बसला. समोर तांबडा-पांढरा ठेवला असता तरी त्यानं हात लावला नसता. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्यानं सांगितली म्हणून घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती त्यांना आवर्जून सांगा.

आता फेरीबद्दल. लेहपासून साधारण आठ किलोमीटरवर चोगलमसर आहे. तिथल्या सिंधू घाटावरून आपण काठाकाठानं चालतो. घाट म्हटल्यावर डोळ्यांपुढं पंचगंगा घाट येईल, तसलं काही नाही. दीपमाळा नाहीत, गर्दी नाही. साध्या पायऱ्या, पलीकडं उघडे तपकिरी डोंगर आणि दक्षिणेला स्तोक कांगरी शिखराचं बर्फ. हिरवं काय असेल ते पाण्याच्या कडेला : विलो, पॉप्लर आणि काटेरी सीबकथॉर्नची झुडपं. पॉप्लरचे सरळ सोट वासे आणि त्यावर विलोच्या काटक्या, अशी इथल्या घरांची छतं. जाताना एखाद्या घरात मान वर करून जरूर बघा.

एवढी मोठी नदी, आणि दोन्ही बाजूंना वाळवंट कसं? आपल्याकडं सह्याद्री ढग अडवतो म्हणून गगनबावडा भिजतो आणि जत-आटपाडी कोरडे राहतात. तिथं हेच काम हिमालय करतो. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. गगनबावड्याला जुलैत एखाद्या दिवसात एवढा सहज पडतो. सिंधू फुगते ती उन्हानं, वरचं बर्फ वितळून. त्यामुळं जुलैत तुम्ही इथं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली का बघत असता, तेव्हा तिथं कडक ऊन असतं आणि नदी गढूळ, भरलेली असते. सप्टेंबरच्या अखेरीस तेच पाणी निवळून हिरवट-निळं होतं. आमचं मत विचाराल तर तेव्हाच या.

पाऊस नसतो म्हणून ढगांकडं दुर्लक्ष मात्र करत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली. डोंगरांवर माती धरून ठेवायला झाडं नाहीत, सगळा चिखल खाली आला आणि चोगलमसरचं फार नुकसान झालं. वर काळं दिसलं तर आम्ही नाल्याच्या पात्रात उतरत नाही, फेरी सरळ रद्द करतो. त्या दिवशी वाद घालू नये ही विनंती.

फेरी साडेआठला सुरू होते आणि अकराच्या आत संपते, कारण दुपारी वारा सुटतो आणि तोंडात वाळू येते. पाण्यात पाय सोडायचा मोह होईल, पण प्रवाह जोरात आणि पाणी बर्फाचं. ओंजळ भरून घ्या, तेवढं पुरे.

कोल्हापुरी चप्पल बॅगेतच राहू द्या, काठाला गोटे आहेत. बूट, टोपी, गॉगल आणि ओठांना लावायला काहीतरी हवंच. भडंग आणा, मात्र पुड्याची हवा आधी थोडी काढा, नाहीतर वर गेल्यावर तो फुगून टम्म होतो. आणि आपलं इथलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. घरी रोज फोन करायचा असेल तर गटात कुणाकडं पोस्टपेड आहे ते निघण्याआधीच विचारून ठेवा.