सांता एलेना प्रांत: पार्श्वभूमी

७ नोव्हेंबर २००७ रोजी ग्वायास प्रांतातून सांता एलेना द्वीपकल्प वेगळा काढण्यात आला आणि इक्वाडोरचा २४वा प्रांत अस्तित्वात आला. वाल्दिव्हियाची प्राचीन मृद्भांडी, सालिनासची मिठागरे हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. वेगळ्या प्रांतावरून झालेल्या वादाचं मूळ मात्र तेलात आहे.

१९११ साली द्वीपकल्पावरच्या आंकोनला तेलविहीर लागली. पुढे एका ब्रिटिश कंपनीने तिथे वसाहत थाटली. साहेबांचे लाकडी बंगले एका बाजूला, कामगारांच्या चाळी दुसऱ्या बाजूला. १९७६ मध्ये हे तेलक्षेत्र सरकारकडे आलं. तोवर देशाचं मुख्य तेल पूर्वेच्या जंगलातून येऊ लागलं होतं. ला लिबेर्ताद इथे तेलशुद्धीकरण चालू राहिलं, पण रस्ते आणि पाणी यांसाठी द्वीपकल्पाला ग्वायासच्या राजधानीच्या, म्हणजे ग्वायाकिलच्या दारातच उभं राहावं लागे. वेगळ्या प्रांताची मागणी यातूनच रुजली. ग्वायाकिलमधून कडाडून विरोध झाला, आणि त्यात पोटदुखीचा भागही होता: शहराच्या हक्काचे समुद्रकिनारे हातचे जाणार होते. शेवटी प्लायास हे किनाऱ्यावरचं गाव तेवढं ग्वायासकडे राहिलं.

प्रांत झाला, तरी जमिनीचा गुंता तसाच राहिला. नव्या प्रांताचा बहुतेक भूभाग सांता एलेना कँटनमध्ये (कँटन म्हणजे प्रांताचा उपविभाग) येतो (ला लिबेर्ताद कँटन जेमतेम २५ चौरस किलोमीटरचा आहे), आणि त्यातली बरीच जमीन ‘कोमुना’ म्हणजे गावसमाजांच्या सामाईक मालकीची. १९३७ च्या कायद्याने कोमुनांना मान्यता मिळाली. हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे इथे पाऊस नावालाच पडतो, त्यामुळे या माळरानाकडे फारसं कुणी फिरकत नसे. दाउले नदीचं पाणी कालव्याने आणायचं ठरलं, तसे भाव फिरले. १९९४ च्या शेतजमीन कायद्याने दोन-तृतीयांश मतांनी सामाईक जमीन विकायची मुभा दिली. पाणी येणार म्हणताच जमिनी बाहेरच्यांच्या नावावर गेल्या. माझ्या मते २००७ च्या निर्णयापेक्षा १९९४ चा हा कायदा जास्त दूरगामी ठरला.

किनाऱ्यावर कोळंबीच्या बीजाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९९९ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने या धंद्याचं कंबरडं मोडलं. नंतर तो सावरला. सांता रोसा आणि आंकोनसितो इथे होड्यांची मासेमारी चालते, चांदुईला मासळीच्या भुकटीचे कारखाने आहेत. सालिनासचं पर्यटन मात्र अजूनही ग्वायाकिलच्याच सुट्ट्यांवर चालतं.