गॅलक्सी की सिप्रेस? आधी बघा, मीटर कशावर पडतं

गॅलक्सी आणि सिप्रेस ही जीवशास्त्राच्या डेटावर काम करायची दोन वेब-पोर्टलं, दिसायला सारखीच. ब्राउझरमध्ये लॉगिन करा, फाइल चढवा, टूल निवडा, बटण दाबा. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एक अक्षरही टाइप करावं लागत नाही. म्हणून जीवशास्त्राची मुलं गॅलक्सी आणि सिप्रेस ही नावं एका दमात घेतात, आणि मग भलत्या पोर्टलवर भलतं काम घेऊन जातात. माझी खूण साधी आहे: मीटर कशावर पडतं ते बघा. गॅलक्सी जागा मोजतं, जीबीमध्ये. सिप्रेस वेळ मोजतं, कोअर-तासांत (प्रोसेसरचा एक कोअर तासभर चालला की एक कोअर-तास).

सिप्रेसचं काम म्हणजे वंशवृक्ष, कुठली जात कुणाची जवळची नातेवाईक ते दाखवणारा. सॅन दिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमधलं हे पोर्टल. समजा, सह्याद्रीतल्या वीस जातींच्या पालींचं तेच एक जनुक तुम्ही वाचलंय. ते सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या ओळी, एकाखाली एक रचले की जी फाइल होते, तिच्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो जड असतो. पण नुसत्या दहा जातींचे बिनमुळाचे (मूळ पूर्वज कुठे ते न ठरवलेले) वृक्ष 20,27,025 प्रकारे मांडता येतात. वीस जातींना तो आकडा 21 अंकी होतो! सगळे तपासणं अशक्यच. रॅक्सएमएल, मिस्टरबेज ही सॉफ्टवेअर हुशारीने वाट काढतात, तरी जाती शेकड्यांत आणि जनुकं डझनांत गेली की लॅपटॉप दिवसच्या दिवस घरघरत बसतो. सिप्रेस हे ओझं सुपरकॉम्प्युटरवर टाकतं. 24 कोअर 10 तास चालले की 240 कोअर-तास खर्च. जॉब, म्हणजे करायचं काम, सोडण्याआधी तो जास्तीत जास्त किती तास चालू द्यायचा, हे भरायचं असतं. आधीपासून तिथे असलेला आकडा छोटा असतो. तो तसाच राहिला तर वेळ संपली की जॉब मध्येच मारला जातो आणि वापरलेले तास गेले ते गेलेच.

गॅलक्सीची गोष्ट उलटी. 2005 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात सुरू झालेल्या या प्रकल्पाचे आज अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात मोफत सर्व्हर आहेत (खातं मात्र प्रत्येक सर्व्हरवर वेगळं काढायचं). इथे येणारा डेटा अवाढव्य असतो. आरएनए सिक्वेन्सिंगच्या (कुठलं जनुक किती चालू आहे ते बघण्याच्या) एकेका नमुन्याची फास्टक्यू फाइल, म्हणजे मशीनने वाचलेल्या तुकड्यांची कच्ची फाइल, कित्येक जीबींची. हॉस्टेलच्या वायफायवरून ती चढवत बसू नका. सार्वजनिक संग्रहातली असेल तर नुसता क्रमांक द्या, सर्व्हर स्वतः ओढून घेतो.

मग पायऱ्या सुरू: तुकड्यांचा दर्जा तपासा, टोकं छाटा, ते जीनोमवर बसवा, कुठल्या जनुकावर किती बसले ते मोजा. प्रत्येक पायरी उजवीकडच्या हिस्टरीत एकेक चौकट होऊन साठते. राखाडी म्हणजे रांगेत, पिवळी म्हणजे चालू, हिरवी म्हणजे झाली, लाल म्हणजे बोंबललं. कुठल्या टूलची कुठली आवृत्ती, कुठली सेटिंग, सगळं नोंदलेलं. सहा महिन्यांनी गाइडने "हे कसं केलं होतंस?" विचारलं तर हिस्टरीची लिंक पाठवायची. माझ्या मते गॅलक्सीची खरी कमाई ही वही आहे, बटणं नव्हेत.

नवख्यांना अडवणारी एक गंमत सांगतो. फाइल डोळ्यांसमोर हिरवी दिसते, पण टूलच्या ड्रॉपडाउनमध्ये येतच नाही. बहुतेकदा तिचा प्रकार चुकलेला असतो. पेन्सिलच्या चिन्हावर जाऊन तो 'फास्टक्यूसँगर' (फास्टक्यूचाच एक प्रकार) केला की फाइल लगेच हजर. जागेचंही लक्ष ठेवा: अमेरिकी सर्व्हरवर नोंदणी केलेल्याला 250 जीबी मिळतात. ऐकायला पुष्कळ, पण मधल्या पायऱ्यांच्या फाइली ते बघता बघता खातात. नुसतं डिलीट करून भागत नाही, कायमचं पुसावं लागतं.

आता घोळ असा, की वंशवृक्षाची टूल गॅलक्सीवरही आहेत, आयक्यू-ट्री धरून. तेव्हा वर सांगितलेल्या वीस पाली आणि एकच जनुक एवढंच हातात असेल, तर सिप्रेसचे तास कशाला जाळायचे? गॅलक्सीवर जा, किंवा सरळ लॅपटॉपवरच चालवा. तेवढ्याने तो घरघरणार नाही.