शिशाच्या साच्यात दडलेले पाणी

घरी शिसे ओतू पाहणारा माणूस साच्याबद्दल पहिली चौकशी करतो ती तो किती तापमान सोसेल याची. चौकशी रास्त आहे, पण तिचे उत्तर फारसे अवघड नाही. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरावे म्हणून ते ३५० ते ४०० अंशांपर्यंत तापवतात. साचे ज्यांचे करतात त्यांपैकी ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर बीड (ओतीव लोखंड) ११०० अंशांच्याही पुढे. शिवाय शिशात उष्णता साठते थोडी: एक किलो शिसे ३५० अंशांवरून ३० अंशांवर येताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्यात एक किलो पाणी जेमतेम १५ अंशांनी तापेल.

खरी काळजी पाण्याची आहे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पटींनी वाढते, आणि ही वाफ जड, पातळ धातूच्या खाली कोंडली तर ती धातूच ओतणाऱ्याच्या अंगावर उडवते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा म्हणूनच फसवा असतो. प्लास्टर घट्ट होते तेव्हा त्यातले काही पाणी स्फटिकांच्या रचनेतच बांधले जाते, आणि पूर्ण सुकल्यावरही साच्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग पाण्याचाच उरतो. हाताला कोरडा, खडखडीत लागणारा साचा आतून कोरडा नसतो. त्याला १०० अंशांच्या वर काही तास हळूहळू तापवावे, अधूनमधून त्याचे वजन करावे, आणि ते घटायचे थांबल्यावरच त्यात धातू ओतावा. एवढे केल्यावर प्लास्टर ठिसूळ होते, त्यामुळे ते एकदोन नगांपुरतेच उपयोगी पडते.

ओतकामाची वाळू मात्र ओलसर असूनही चालते, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. तिच्या कणांमधल्या फटींतून वाफ निसटून जाते आणि कोंडत नाही. अर्थात ओल गरजेपुरतीच हवी. हाताला पाणी लागेल इतकी भिजलेली वाळू धोक्याचीच.

वारंवार ओतायचे असेल तर माझ्या मते ॲल्युमिनियमचा साचा सर्वांत चांगला. त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे शिसे त्याला चिकटत नाही. मात्र तो उष्णता झपाट्याने ओढून घेतो, म्हणून थंड साच्यात धातू अर्ध्या वाटेतच गोठतो आणि नगावर सुरकुत्या पडतात. साचा आधी तापवला की हा दोष जातो आणि त्यावर साचलेला दमटपणाही उडून जातो. आतून काजळी धरली तर नग सहज सुटतो. संगजिऱ्याचा दगड चाकूने कोरता येतो आणि उष्णताही सोसतो. कांस्ययुगातही धातू ओतण्यासाठी त्याचे साचे करत. साधे सिलिकोन शुद्ध शिशापुढे टिकत नाही. १८३ अंशांच्या आसपास वितळणाऱ्या शिसे-कथलाच्या मिश्रधातूला मात्र उष्णतारोधक सिलिकोन चालते.

साचा कोणताही असो, शिसे शरीरात साठणारे विष आहे आणि त्याची सुरक्षित मात्रा अशी काही नाही. वितळलेल्या शिशावर जमणारी राखाडी मळी सुकल्यावर तिची बारीक धूळ होते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये. ते उघड्या, हवेशीर जागी, मुलांपासून आणि गर्भवतींपासून दूर करावे. प्लास्टरचा साचा फोडतानाही ही धूळ उडते. ती झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके वेगळे ठेवावे.