'इस्केमिक चेंजेस' या दोन शब्दांची पार्श्वभूमी

खेड्यातून नागपूर-अमरावतीला नेऊन आजीचा एमआरआय काढला की रिपोर्टात बहुधा 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' ही ओळ असते. घरच्यांना तिचा अर्थ 'मेंदूला रक्त कमी पडतंय' असा कळतो आणि अँटिऑक्सिडंटच्या सलाईनी सुरू होतात.

घोळ 'इस्केमिक' या शब्दात आहे. साध्या एमआरआयवर पांढरे डाग दिसतात, रक्ताचा प्रवाह मोजला जात नाही. साठीनंतर असे थोडे डाग चांगल्या चालत्या-बोलत्या माणसातही सापडतात. म्हणूनच 1987 मध्ये कारणाबद्दल काहीच न बोलणारं 'ल्युकोअरायोसिस' हे नाव सुचवलं गेलं. त्याआधी, 1958 मध्ये, सोव्हिएत वैद्यकात 'डिससर्क्युलेटरी एन्सेफॅलोपॅथी' (रक्ताभिसरण बिघडून झालेला मेंदूचा आजार) रुजली होती. चक्कर, डोकेदुखी, विसराळूपणा सगळं तिच्यात मावलं. 'क्रॉनिक सेरेब्रल इस्केमिया', म्हणजे मेंदूला कायमच रक्त कमी पडणं, ही तिचीच सख्खी बहीण. पाश्चात्त्य वैद्यक मात्र 1974 मध्ये 'मल्टी-इन्फार्क्ट डिमेन्शिया'कडे (अनेक छोट्या लकव्यांनी आलेला स्मृतिभ्रंश) आणि नव्वदच्या दशकात 'व्हॅस्क्युलर कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट'कडे (रक्तवाहिन्यांमुळे झालेली बुद्धीची घसरण) वळलं. एकाच रुग्णाला वेगवेगळी नावं, मग एकीकडचा औषधाचा निष्कर्ष दुसरीकडे लावायचा कसा?

एडारावोन या सलाईनीतून देण्याच्या अँटिऑक्सिडंटला जपानमध्ये 2001 साली परवानगी मिळाली ती ताज्या लकव्यासाठी: 24 तासांच्या आत सुरुवात, 30 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी 30 मिनिटांत, जास्तीत जास्त 14 दिवस. ते साध्या सलाईनमध्येच मिसळायचं. साखरेच्या बाटलीत औषधाचं प्रमाण घटतं. किडनीला इजा होऊ शकते, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) आधी बघायचं. मे महिन्यात शरीरातलं पाणी आटलेल्या म्हाताऱ्या माणसात तर नक्कीच. वर्षानुवर्षांच्या विसराळूपणावर हे वापरायला त्या परवानगीचा आधार नाही. एनएक्सवाय-059 या लकव्यावरच्या दुसऱ्या अशाच औषधाची 2006 ची आशा 2007 च्या मोठ्या चाचणीत मावळली. रोज व्हिटॅमिन ई 600, व्हिटॅमिन सी 250 आणि बीटा-कॅरोटीन 20 मिलिग्रॅम पाच वर्षं देऊनही बुद्धीच्या चाचणीत फरक पडला नाही, हे 2002 मध्येच छापून आलं होतं.

कोर्सनंतर 'गुण वाढले' म्हणतात तेव्हा चाचणी कोणती, हे विचारावं. मोका या बुद्धीच्या चाचणीत 30 गुण. घड्याळ काढायचं, घन उतरवायचा. बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण जास्त, पण जन्मात पेन्सिल न धरलेल्या शेतकऱ्याचं नुकसान त्याने भरून निघत नाही. शिवाय तीच चाचणी पुन्हा दिली की सरावानेही गुण वाढतात. आजची तारीख चुकणाऱ्याला मृग कधी लागला, पोळ्याला किती दिवस उरले, हे विचारा. रक्तवाहिन्यांच्या आजारात बऱ्याचदा आठवणीआधी कामाचा क्रम मोडतो: बियाणं घरात, बैलजोडी दारात आणि आधी काय करायचं तेच सुचत नाही.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं पहिलं कारण लकवा निघालं. 2019 मध्ये वरचं बीपी 120 च्या खाली ठेवल्याने सौम्य बौद्धिक घसरण कमी झाल्याचं दिसलं. डिमेन्शियातला फरक मात्र ठोस नव्हता. सलाईनीच्या पैशात बीपीच्या गोळ्या कितीतरी महिने येतात, आणि त्या गोळ्याच मध्येच सुटतात, खर्रा तेवढा चालूच राहतो.