पॉम्पेईची माणसं दगड झाली नव्हती

इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहराचे फोटो दर थोड्या दिवसांनी फिरत असतात, खाली तेच, "लाव्हारसात अख्खं शहर बुडालं आणि माणसं जागच्या जागी दगड झाली". असलं काही झालं नाही हो.

इ.स. 79 मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा पॉम्पेईवर लाव्हा आलाच नाही. आधी कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस, त्याच्या वजनाने छपरं कोसळली, त्यात माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेला वायू आणि राखेचे लोट डोंगरावरून सुसाट खाली आले, मग उरलेल्यांना पळायला वेळच नाही मिळाला. लाव्हा असता तर भिंतींवरची ती लालभडक चित्रं आज बघायला मिळाली असती का?

राख मृतदेहांभोवती घट्ट बसली, आतलं शरीर कुजून गेलं, उरली पोकळी आणि हाडं. 1863 मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. म्हणजे गणपतीच्या साच्यासारखंच, फक्त साचा राखेने केलेला. फोटोंत दिसतात ती माणसं म्हणजे हेच प्लास्टरचे पुतळे, साखळीला बांधलेला एक कुत्रा आहे तो पण प्लास्टरचाच, हाडं मात्र बऱ्याच पुतळ्यांत आत खरी आहेत.

गेलात तर 'पळून जाणाऱ्यांची बाग' चुकवू नका, तिथे 13 जणांचे असे पुतळे आहेत, लहान मुलांचे पण. नेपल्सहून लोकल ट्रेन थेट गेटजवळ सोडते. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी घ्याच, आत सावली फार कमी.