सुई जागेवर, कापड चालतं: घरी बनवलेल्या कॉम्प्युटर भरतकाम यंत्रामागचा इतिहास

शिवणक्लासात मशीनवरचं भरतकाम शिकवतात तेव्हा सुरुवातीलाच मशीनचा पाय काढायला लावतात आणि कापड पुढे नेणारे दाते खाली पाडायला सांगतात. मग रिंगमध्ये ताणलेलं कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं. आता मशीनकडे एकच काम उरतं, सुई वर-खाली करण्याचं. पान, फूल, वेल सगळं हातांच्या हालचालीत असतं. हात थांबला की टाके एकाच जागी साचून गाठ होते. सुई कापडात असताना हात हलला तर सुई वाकते, कधी मोडतेच.

घरच्या घरी कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन बनवणारे लोक नेमके याच जागी शिरतात. जुनं मशीन तसंच ठेवायचं आणि रिंग धरणाऱ्या दोन हातांऐवजी दोन मोटर बसवायच्या, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. हे आज एका टेबलावर मावतं. पण हातांचं काम सुईपासून वेगळं काढायला, ते लिहून ठेवायला आणि यंत्राला वाचता येईल असं करायला जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

सुरुवात म्यूलूझची. फ्रान्समधल्या या कापडगिरण्यांच्या गावात जोशुआ हाइलमान यांनी १८२८ च्या सुमारास भरतकामाचं यंत्र बनवलं. कापड उभं ताणलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना चिमट्यांच्या रांगा असलेले गाडे, आणि दोन्ही टोकांना अणकुची असलेल्या, मध्यभागी नेढं असलेल्या सुया. एका बाजूचे चिमटे सुया कापडात खुपसत, दुसऱ्या बाजूचे त्या धरून ओढून घेत. कारागीर बसलेला असे तो मोठ्या आकारात काढलेल्या नक्षीसमोर. नकाशा लहान-मोठा करायला वापरतात तशा जोडदांड्यांच्या पँटोग्राफचं टोक तो नक्षीवर एकेका टाक्यानं पुढे नेई. कागदावरचा आकार सहापट असे. टोक कागदावर ६ मिमी सरकलं की समोरची सगळी चौकट १ मिमी सरके आणि रांगेतल्या सगळ्या सुया एकाच वेळी तोच टाका घालत.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. सुया आपल्या रेषेत पुढे-मागे होतात आणि नक्षी कापडाच्या सरकण्यातून उमटते, ही वाटणी इथे पहिल्यांदा यंत्रात उतरली. पुढे बदलत गेलं ते एवढंच की चौकट सरकवायला सांगणार कोण.

हाइलमान यांच्या यंत्राला एक मर्यादा होती. सुईत ओवलेला दोरा ठरावीक लांबीचाच असे. तो संपला की सगळ्या सुया पुन्हा ओवायच्या. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या परिसरात ही यंत्रं घरोघर पोचली तेव्हा सुया ओवण्याचं काम बायका आणि मुलांच्या वाट्याला आलं. शाळेतून आल्यावर मुलं सुया ओवत बसत. त्या काळच्या सुंदर लेसकडे बघताना हे विसरू नये.

अखंड दोऱ्याची वाट शिलाई मशीनमधून आली, आणि तिचा एक धागा आपल्याकडे पोचतो. कच्छ-काठियावाडातले मोची चामड्यावर आरीनं काम करत. तीच आकड्याची आरी कापडावर चालवून ते साखळी टाक्याचं अतिशय बारीक भरतकाम करत. गुजरातचं हे काम व्यापारातून युरोपात गेलं. आकड्यानं साखळी टाका घालण्याची रीत अठराव्या शतकात तिथे ढोलासारख्या गोल चौकटीवर रुजली आणि ढोलाच्याच नावानं, ‘तांबूर’ म्हणून, ओळखली जाऊ लागली. फ्रेंच शिंपी बार्तेलेमी तिमोनिये यांनी १८३० मध्ये ज्या शिलाई मशीनचं पेटंट घेतलं त्याची सुई आकड्याची आणि टाका साखळीचाच होता. पुढे १८६५ मध्ये बोनाझ यांनी याच टाक्याचं भरतकाम यंत्र आणलं. टेबलाखालचा दांडा फिरवावा त्या दिशेला कापड जाई. कॉर्नेली या नावानं ही यंत्रं भारतातही आली आणि अजून चालतात. आज महाराष्ट्रात ब्लाउजवरच्या आरी वर्कचे क्लास गल्लोगल्ली दिसतात. त्यातला आकडा आणि मशीनच्या इतिहासातला आकडा एकच आहे.

दुसरी वाट दोन दोऱ्यांच्या टाक्याची. एलियास हाऊ यांचं पेटंट १८४६ चं. नेढं सुईच्या टोकाशी, वरून एक दोरा, खालून शटलमधला, म्हणजे धोट्यातला, दुसरा. सुईला आता कापडाच्या आरपार जाऊन पलीकडे पडायची गरज उरली नाही. ती नुसती बुडी मारून वर येते. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये ही युक्ती हाइलमानच्या चौकटीशी जोडली आणि शिफली यंत्र जन्माला आलं. शिफली म्हणजे छोटी होडी. खालच्या शटलचा आकार तसा होता. दोरा रिळातून अखंड यायला लागला आणि वेग एकदम वाढला. पँटोग्राफवर मात्र माणूस बसलेलाच होता.

त्याला उठवलं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. ल्यों शहरात जोसेफ मारी जकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागावरची नक्षी पुठ्ठ्यांच्या माळेत बसवली होती. जिथे भोक तिथे धागा उचलला जाई. शतक संपता संपता ग्रोब्ली यांच्या मुलानं हीच कल्पना शिफलीला लावली. चौकट किती आणि कुठे सरकवायची हे आता भोकांवरून ठरू लागलं. पँटोग्राफवरचं काम एकदाच होई, ते भोकांत नोंदलं जाई, आणि मग तीच माळ हवी तितक्या वेळा चालवता येई. नक्षी पहिल्यांदाच कारागिराच्या मनगटातून बाहेर पडून साठवून ठेवायची वस्तू झाली.

भोकं पाडणाऱ्या या नव्या कारागिराचं नाव अजून जिवंत आहे. सुरतेत किंवा मुंबईत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये जा, चित्रावरून टाक्यांची फाइल करून देण्याला तिथे ‘पंचिंग’च म्हणतात. पुठ्ठा कधीच गेला, आता माउस आणि स्क्रीन आहे, तरी पंचिंग तेच.

यानंतरची मोठी उडी कापडाच्या धंद्याबाहेर पडली. अमेरिकेत मिशिगनमधले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्रता अचूक कापण्याच्या मागे होते. वक्ररेषेवरच्या बिंदूंचे आकडे काढायचे आणि यंत्राला बिंदूबिंदूनं न्यायचं, ही त्यांची कल्पना. अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत तिचं यंत्र झालं आणि १९५२ मध्ये भोकांच्या कागदी पट्टीवर चालणारी मिलिंग मशीन, म्हणजे धातू कोरून आकार देणारं यंत्र, लोकांना दाखवली गेली. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं यंत्र, हा शब्द आज आपल्या एमआयडीसीतल्या प्रत्येक वर्कशॉपच्या पाटीवर असतो, त्याचं मूळ हे.

भरतकामात ती कागदी पट्टी जपानी कंपन्यांनी आणली. नागोयाच्या ताजिमानं १९६४ मध्ये अनेक डोकी असलेलं भरतकाम यंत्र बाजारात आणलं, आणि पुढे ही यंत्रं पट्टी वाचू लागली. त्या पट्टीवरून आलेली ताजिमाची ‘डीएसटी’ फाइल आजही जगभर चालते. तिच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तिच्यात रंग नाही, चित्र नाही. एकेका टाक्याला तीन बाइट, आणि त्यांत मुख्यतः एवढंच की आधीच्या जागेपासून किती सरकायचं. मोजमाप मिलिमीटरच्या दहाव्या भागात, आणि अंकांची वजनं १, ३, ९, २७, ८१, प्रत्येक अधिक किंवा उणे.

चाळीस किलोच्या दगडाचे चार तुकडे करून तागडीत १ ते ४० पर्यंत सगळी वजनं तोलायचं कोडं अनेकांनी लहानपणी सोडवलं असेल. इथे तेच आहे. ५ हवे असतील तर ९ अधिक, ३ आणि १ उणे. पाचही वजनांची बेरीज १२१, म्हणून डीएसटीत एका वेळी १२.१ मिमीपेक्षा मोठी उडी लिहिताच येत नाही. लांबची उडी तुकड्यांत मारावी लागते. एवढी सरळ रचना असल्यानंच घरी यंत्र बनवणाऱ्याला ती एका संध्याकाळीत समजून घेता येते.

घरगुती ग्राहकापर्यंत हे १९९० मध्ये आलं, जानोमेच्या मेमरी क्राफ्ट ८००० या मॉडेलमधून. मग ब्रदर, हुस्कवार्ना आणि इतर कंपन्या आल्या, आणि प्रत्येकीनं आपला वेगळा फाइल-प्रकार आणला. एका कंपनीची नक्षी दुसरीच्या मशीनवर चालेना. या कोंडीतूनच हौशी प्रोग्रामर फाइली उघडून बघायला लागले, कोणता बाइट काय सांगतो ते एकमेकांना कळवू लागले, आणि त्यातून मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. इंकस्टिच हे त्यातलं आज सर्वांत उपयोगी. इंकस्केप या चित्र काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रेषा काढायची आणि इंकस्टिचनं तिचे टाके करायचे. ते डीएसटीही लिहून देतं आणि सीएनसी यंत्रांची जी-कोड भाषाही. ऑस्ट्रियात सुरू झालेलं टर्टलस्टिच मुलांना स्क्रीनवर सूचनांचे ठोकळे जोडून भरतकामाची नक्षी ‘चालवायला’ शिकवतं. आपल्या शाळांनी ते नक्की वापरून पाहावं.

लोखंडाची बाजूही याच काळात स्वस्त झाली. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनं नव्वदच्या दशकात केलेला यंत्रनियंत्रक सर्वांसाठी खुला होता, त्यातून लिनक्ससीएनसी वाढलं. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो ही छोटी, स्वस्त नियंत्रक-पट्टी आणि इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात रेपरॅप हा खुला थ्रीडी प्रिंटर सुरू झाला. २००९ मध्ये आलेल्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरनं आर्डुइनोलाच जी-कोड वाचायला शिकवलं. भरतकामासाठी यातलं काहीच केलं नव्हतं. पण प्रिंटरमुळे स्टेपर मोटर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी), दातेरी पट्टे आणि मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर-पट्ट्या किरकोळ दुकानात मिळू लागल्या. २०० पायऱ्यांची मोटर आणि फेऱ्याला ४० मिमी पट्टा ओढणारी पुली घेतली, तर एका पायरीला ०.२ मिमी येतात. पायरीचे सोळा भाग केले की ०.०१२५ मिमी. डीएसटीच्या दशांश मिलिमीटरला हे भरपूर पुरतं.

अडचण अचूकपणाची नसून वेळेची आहे. मिनिटाला ६०० टाक्यांचा वेग धरला तर एका टाक्याला एक दशांश सेकंद. त्यातला साधारण निम्मा वेळ सुई कापडाबाहेर असते असं मानू. म्हणजे ५० मिलिसेकंदांत जड चौकट ३ मिमी न्यायची आणि पूर्ण थांबवायचीही. हिशेब केला तर गुरुत्वाच्या निम्म्याइतकं त्वरण लागतं. लहान मोटर इथे पायऱ्या चुकवते, आणि एकदा चुकलेली पायरी पुढच्या प्रत्येक टाक्यात राहते. फुलाचा देठ फुलापासून सुटतो. वेग निम्मा केला की लागणारं त्वरण चौथाईवर येतं. म्हणून मी तर सांगेन की पहिल्या यंत्रात वेगाचा मोह धरू नये. वीस हजार टाक्यांची नक्षी मिनिटाला ३०० च्या वेगानं तासाभरापेक्षा थोडी जास्त घेते, घेऊ द्यावी.

सुई नेमकी कुठे आहे हे कळण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. एक म्हणजे मशीनच्या हातचाकावर लोहचुंबक चिकटवून शेजारी चुंबक जवळ आला की ओळखणारा हॉल सेन्सर बसवायचा. सुई वर आली की इशारा मिळतो आणि मगच चौकट हलते. दुसरी म्हणजे मशीनची मूळ मोटर काढून तिथेही स्टेपर लावायचा. मग सुई हाच तिसरा अक्ष होतो आणि एक पूर्ण फेरा म्हणजे एक टाका. ही दुसरी रीत संथ, पण गणित चुकत नाही.

गोधडीसारख्या थरांच्या कामात मात्र सगळं उलटतं. गोधडी शिवणारी बाई जमिनीवर पसरलेल्या लुगड्यांच्या थरांवर बसते आणि धावदोरा घालत स्वतः पुढे सरकते. एवढं मोठं, जाड कापड सुईखाली फिरवणार कसं? घरगुती मशीनच्या मानेखाली वीसेक सेंटिमीटर जागा. क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिवणाऱ्या अमेरिकनांनी उत्तर या बाईसारखंच काढलं: कापड दोन रुळांवर ताणून ठेवायचं आणि लांब मानेचं मशीनच गाड्यावर घालून त्यावरून फिरवायचं. अशी लाँगआर्म यंत्रं १९८० च्या दशकात धंद्यात रुळली. मिसुरीतली गॅमिल ही त्यातली जुनी कंपनी. गाड्याच्या मागच्या बाजूला कागदावर लांबलचक वेलबुट्टी ठेवायची, तिच्यावरून प्रकाशाचा ठिपका नेत मशीन हाकायचं, आणि त्या कागदाला म्हणायचं पँटोग्राफ. हाइलमानच्या साधनाचं नाव इथेही टिकलं. नंतर गाड्याची गती मोजून सुईचा वेग कमी-जास्त करणारे नियंत्रक आले, आणि शेवटी गाड्यालाच मोटर लागल्या.

घरी क्विल्टचं यंत्र करणाऱ्याला म्हणून लाकडी चौकट, दोन मजली गाडा आणि लांब पट्टे लागतात. पूर्ण मशीन हलवायचं, त्यामुळे वजन कितीतरी पट. पण क्विल्टचे टाके लांब आणि रेषा वळणदार, झटके कमी. भरतकामापेक्षा हे सुरुवातीला सोपं जातं असं माझं मत आहे.

या घरगुती यंत्रांना सुई मात्र एकच. बाजारातल्या यंत्राच्या एका डोक्यावर दहा-पंधरा सुया वेगवेगळ्या रंगांनी ओवलेल्या असतात. इथे हिरवा रंग संपला की चौकट थांबते, मशीन वाट बघतं. कुणीतरी उठून दोरा कापायचा, लाल रीळ चढवायचं, दोऱ्याचं टोक ओलं करून नेढ्यातून ओवायचं आणि बटण दाबायचं.